वैयक्तिक कारणास्तव

राजीनाम्याच्या पत्राचा एक ठरीव साचा आहे. ‘मी वैयक्तिक कारणास्तव माझ्या पदाचा राजीनामा देत आहे, तो स्वीकारण्यात यावा, ही विनंती.’ कोणत्याही विद्यापीठाच्या आस्थापना विभागातील फायली उघडल्या, तर हे वाक्य पुनःपुन्हा भेटेल. त्यात सभ्यता आहे, सोय आहे आणि एक प्रकारचे मौनही आहे. जाणाऱ्याला अनुभवाचा दाखला हवा असतो, तेव्हा त्याला कटुता नको असते. राहणाऱ्यांना चौकशी नको असते. अशा रीतीने उभयतांच्या मूक संमतीने खरे कारण कागदाबाहेर राहते आणि कार्यमुक्तीचा आदेश निघतो.

विद्यापीठात कोणाला प्रवेश मिळतो, यावर आपल्याकडे पुष्कळ चर्चा होते. जाहिरात, मुलाखत, निवड समिती, आरक्षण यांवरून सभा भरतात, मोर्चे निघतात, न्यायालयाचे दरवाजे ठोठावले जातात. ते योग्यच आहे. परंतु आत आलेली व्यक्ती पाच वर्षांनी कोठे आहे, हा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही. निरनिराळ्या जातींची, धर्मांची, प्रांतांची, भाषांची माणसे, तसेच स्त्रिया आणि अपंग व्यक्ती विद्यापीठात नेमणे हे अर्धे काम झाले. ती टिकतात की नाहीत, हे उरलेले अर्धे काम होय.

धर्मगुरूला या विषयाशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. धर्मग्रामाच्या कचेरीत बसणाऱ्या माणसाकडे नोकरीच्या अर्जासाठी शिफारसपत्र मागायला लोक येतात आणि नोकरी सोडण्याचे मनात आले की, तेही बोलायला येतात. ज्यांच्या आजोबांनी केळीच्या बागा शिंपल्या, ज्यांच्या आईने डोक्यावर फुलांच्या टोपल्या वाहिल्या, त्यांची मुले-मुली गेल्या पंचवीस वर्षांत प्राध्यापक, ग्रंथपाल, संशोधक झाल्याचे मी पाहिले. त्यांतील काही परत आल्याचेही पाहिले. येताना त्यांच्या अर्जात गुणपत्रिका असतात. जाताना त्या मूठभर शब्दांच्या वाक्याखेरीज कागदावर काही नसते.

आमच्या धर्मग्रामातील एक भगिनी रसायनशास्त्रात पीएच.डी. होऊन राज्याबाहेरच्या एका विद्यापीठात रुजू झाली होती. सहा वर्षांनंतर एका सुट्टीत ती मला भेटली. राजीनाम्याचा मसुदा तिने बरोबर आणला होता. “फादर, कारण काय लिहू?” असे तिने विचारले. मी म्हटले, “खरे काय आहे ते आधी मला सांग.” ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “सांगण्यासारखे काही घडलेच नाही. कोणी माझ्याशी वाईट वागले नाही. सगळे गोड बोलतात. नाताळ जवळ आला की केक कधी आणणार, म्हणून विचारतात. अल्पसंख्याकांविषयी कोणतीही समिती निघाली की, माझे नाव आधी घालतात. एवढीच त्यांना माझी आठवण होते.”

मी तिला एक कोरा कागद दिला आणि वर्षवार दोन रकाने करायला सांगितले. एका रकान्यात तिने काय मागितले, दुसऱ्यात काय मिळाले. लिहिता लिहिता तिची दोन पाने भरली. प्रयोगशाळेतील ओट्याची मागणी : तीन वेळा पुढे ढकललेली. संशोधक विद्यार्थी : तिच्याबरोबर रुजू झालेल्या दोघांना मिळालेले, तिला नाही. पहिल्या वर्षाचे, मोठ्या वर्गांचे, कोणालाच नको असलेले तास : दरवर्षी तिच्याच कार्यभारात. समित्या : सात. परिसंवादाची सूचना : मुदत संपल्यावर कळलेली. एकेक बाब सुटी घेतली, तर कोणाही विभागप्रमुखाला तिचे सहज स्पष्टीकरण देता आले असते. एकत्र वाचल्यावर मात्र त्या दोन पानांना आणखी स्पष्टीकरणाची गरज उरत नव्हती. तरीही राजीनाम्यात तिने तेच ठरीव वाक्य लिहिले, कारण तिला पुढे दुसरीकडे अर्ज करावयाचा होता.

संस्थेला ही भाषा फार सोयीची असते. मी ज्या सेमिनरीत शिकलो, तेथे देशाच्या अनेक भागांतून मुले येत असत. डोंगराळ मुलखातून आलेला एखादा विद्यार्थी दुसऱ्या वर्षी घरी निघून गेला की, ‘त्याला पाचारण नव्हते’, असे म्हटले जाई. कधी ते खरेही असेल. पण जेवणाच्या टेबलावर त्याची भाषा बोलणारे कोणी नव्हते, हेही तितकेच खरे होते, आणि त्याची नोंद कोठे नसे. जाणाऱ्याच्या ठायी कारण शोधायचे, आपल्या घराकडे पाहायचे नाही, ही सवय सर्वच संस्थांना असते. विद्यापीठे तिला अपवाद नाहीत.

या सवयीचा इतिहास जुना आहे. जगदीशचंद्र बोस इंग्लंडमधील शिक्षण पूर्ण करून १८८५ मध्ये कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक झाले. त्या काळी सरकारी शिक्षणसेवेत त्याच पदावरील भारतीयाला युरोपियनाच्या दोन-तृतीयांश वेतन मिळे. बोसांची नेमणूक तात्पुरती असल्यामुळे त्यातही कपात होऊन त्यांच्या वाट्याला एक-तृतीयांश आले. त्यांनी पद सोडले नाही, शिकवणेही थांबवले नाही. फक्त वेतन स्वीकारण्यास नकार दिला. वडील कर्जात बुडालेले असताना तीन वर्षे त्यांनी एक पैसाही न घेता काम केले. अखेर कॉलेजचे प्राचार्य टॉनी आणि शिक्षण खात्याचे संचालक क्रॉफ्ट यांना त्यांची योग्यता पटली. पूर्ण वेतन मागील थकबाकीसह मंजूर झाले. बोस त्या कॉलेजात १९१५ पर्यंत राहिले आणि त्यांनी विद्युतचुंबकीय लहरींवरील आपले कार्य तेथेच केले.

ही कथा आपण बोसांच्या स्वाभिमानाची म्हणून सांगतो. ती तशी आहेच. तथापि तिच्यात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. तेथील अन्याय आकड्यांत लिहिलेला होता. दोन-तृतीयांश म्हणजे काय, हे कोणालाही समजत होते, म्हणून त्याविरुद्ध लढता आले. जेथे अन्याय आकड्यांत लिहिलेला नसतो, तेथे काय करावे?

नोव्हेंबर १९१८ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. वेतन दरमहा ४५० रुपये. त्यात भेदभाव नव्हता. त्यांची व्याख्याने ऐकण्यासाठी इतर कॉलेजांतील विद्यार्थीही येऊन बसत, असे त्यांच्या चरित्रात नमूद आहे. त्याच चरित्रात हेही नमूद आहे की, प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या पाण्याच्या भांड्यातून त्यांनी पाणी पिण्यास काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली. वेतनपत्रकात हे भांडे कोठेही दिसणार नाही. मार्च १९२० मध्ये त्यांनी पद सोडले. लंडनमधील अपुरे शिक्षण पुरे करणे हे त्याचे कारण होते आणि त्यासाठी पैसे साठवावेत, म्हणूनच त्यांनी ती नोकरी धरली होती. त्यांच्या जाण्याचे खापर पाण्याच्या भांड्यावर फोडणे इतिहासाला धरून होणार नाही. परंतु अशा माणसाने आणखी काही वर्षे आपल्याकडे राहावे, असे वाटण्याजोगे त्या खोलीत काय होते, हा प्रश्न उरतोच.

त्याच्या आधीच्या वर्षी, १९१७ मध्ये, बडोदे संस्थानाने त्यांना गमावले होते. शिष्यवृत्तीच्या कराराप्रमाणे ते तेथे नोकरीस गेले. राहायला घर कोणी देईना. नाव लपवून एका पारशी विश्रामगृहात ते राहिले आणि अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. बडोद्याची कचेरी हे विद्यापीठ नव्हते, पण धडा विद्यापीठांनाही लागू आहे. नेमणूक देणारा महाराजा उदार होता, करारही पक्का होता. एका खोलीवाचून ते सर्व वाया गेले. आजही परगावी रुजू होणाऱ्या एखाद्या मुसलमान, दलित वा ईशान्य भारतातील अध्यापकाला भाड्याचे घर शोधताना आडनाव सांगताच जे उत्तर ऐकावे लागते, ते ज्यांनी ऐकले आहे त्यांना वेगळे सांगायला नको. विद्यापीठाच्या आवारातील निवासस्थाने कोणाला प्रथम द्यावीत, हा प्रश्न म्हणूनच निव्वळ इमारत विभागाचा नाही.

आकड्यांत न लिहिलेला अन्याय आकड्यांत कसा आणावा, याचे एक उत्तर अमेरिकेतून आले. बोस्टनजवळील केंब्रिज येथील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी ही विज्ञानाच्या क्षेत्रातील अग्रगण्य संस्था. नॅन्सी हॉपकिन्स या रेण्वीय जीवशास्त्रज्ञ तेथे १९७३ पासून अध्यापन करीत होत्या. झेब्राफिश या लहानशा माशावर संशोधन सुरू करण्यासाठी त्यांनी थोडी जास्त जागा मागितली. ती मिळेना. तुमच्याजवळ इतरांइतकीच जागा आहे, असे त्यांना सांगण्यात आले. त्यांनी एक साधी मोजपट्टी घेतली आणि कामाची वेळ संपल्यावर प्रयोगशाळा मोजायला सुरुवात केली. मोजमाप पूर्ण झाले, तेव्हा दिसून आले की, त्यांच्याकडे सुमारे १,५०० चौरस फूट जागा होती आणि त्यांच्या बरोबरीच्या पुरुष प्राध्यापकांकडे निदान ३,००० चौरस फूट. नुकत्याच रुजू झालेल्या तरुण पुरुषांकडेही त्यांच्यापेक्षा अधिक जागा होती.

तोपर्यंत हे आपलेच नशीब, आपल्याच स्वभावाचा दोष, असे त्यांना वाटत आले होते. १९९४ मध्ये त्यांनी इतर स्त्री प्राध्यापकांशी बोलायला सुरुवात केली, तेव्हा प्रत्येकीला तसेच वाटत असल्याचे आढळले. त्या वेळी तेथील विज्ञान शाखेत कायमपदावर १५ स्त्रिया होत्या, तर पुरुष दोनशेच्या घरात होते. त्या १५ आणि अभियांत्रिकी शाखेतील आणखी दोघी मिळून सतरा जणींपैकी सोळा जणींनी अधिष्ठाता रॉबर्ट बर्जनो यांच्याकडे निवेदन दिले. समिती नेमली गेली. वेतन, जागा, निधी, पारितोषिके, समित्यांवरील नेमणुका अशा सर्व बाबींची माहिती गोळा झाली. १९९९ मध्ये तिचा अहवाल प्रसिद्ध झाला आणि संस्थेचे अध्यक्ष चार्ल्स व्हेस्ट यांनी आपल्या संस्थेतील दोष सर्वांसमक्ष मान्य केला.

त्या अहवालातील एक निरीक्षण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. नव्याने आलेल्या तरुण स्त्रियांना भेदभाव जाणवत नव्हता. आता काळ बदलला आहे, असे त्यांना वाटे. जसजशी वर्षे जात आणि पद वाढे, तसतशी त्यांना आपण कडेला सारले जात असल्याची जाणीव होई. आधीच्या पिढीचेही तसेच झाले होते. याचा अर्थ असा की, दारातून आत येणाऱ्यांची संख्या पाहून जो संतुष्ट होतो, तो फसतो. माणूस दारात अडखळला, तर सर्वांना दिसते. आत, दहाव्या वर्षी, हळूहळू विझत गेला, तर शेजारच्या खोलीतही कळत नाही.

आपल्या देशात दाराचा प्रश्नही अद्याप मिटलेला नाही, हे येथे विसरून चालणार नाही. २०१७ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने आरक्षणासाठी संपूर्ण विद्यापीठ एकक न धरता विभाग एकक धरावा, असा निर्णय दिला आणि मार्च २०१८ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने तसे परिपत्रक काढले. वरवर पाहता हा केवळ हिशेबाचा फरक होता. परंतु बिंदुनामावलीत इतर मागासवर्गीयांचा पहिला क्रम चौथा येतो, अनुसूचित जातींचा सातवा आणि अनुसूचित जमातींचा चौदावा. ज्या विभागात एका श्रेणीची पाच-सहाच पदे आहेत, तेथे सातवा क्रम यायला किती वर्षे लागतील आणि चौदावा कधी येईल? देशभर विरोध झाल्यावर २०१९ मध्ये संसदेने कायदा करून केंद्रीय शिक्षणसंस्थांपुरते पुन्हा संपूर्ण संस्थेला एकक ठरवले. मोजण्याची पद्धत बदलली की, माणसे दिसेनाशी होतात आणि ती पुन्हा बदलली की, दिसू लागतात. याहून बोलके उदाहरण कोणते हवे?

महाराष्ट्रातील महाविद्यालयांत आणखी एक चाळणी आहे. नेट किंवा सेट उत्तीर्ण झालेली, पीएच.डी. मिळवलेली असंख्य माणसे वर्षानुवर्षे तासिका तत्त्वावर शिकवीत आहेत. तास घेतला तर मानधन, सुट्टी लागली तर काही नाही, पुढच्या वर्षी पुन्हा नव्याने नेमणूक. या चाळणीत जात विचारली जात नाही, धर्मही विचारला जात नाही. पण दहा वर्षे अशी कोण काढू शकतो? ज्याच्या घरी शेती किंवा पगार आहे, शहरात स्वतःचे घर आहे, तो वाट पाहतो. जो घरातील पहिलाच पदवीधर आहे, ज्याच्या कमाईवर धाकट्या भावंडांचे शिक्षण आहे, तो तिसऱ्या वर्षी दुसरी नोकरी धरतो. बोसांनी तीन वर्षे वेतनावाचून काढली, म्हणून ती प्रत्येकाने काढावीत, अशी अपेक्षा करणे म्हणजे अपवादाला नियम करणे होय.

जे टिकतात, त्यांच्यावर निराळाच भार पडतो. विभागात आदिवासी समाजातील एकच अध्यापक असेल, तर त्या समाजाच्या प्रत्येक विद्यार्थ्याची अडचण त्याच्याकडे जाते आणि प्रत्येक समितीत ‘प्रतिनिधी’ म्हणून त्यालाच बसावे लागते. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ अमाडो पॅडिला यांनी १९९४ मध्ये याला सांस्कृतिक कर असे नाव दिले. नाव चपखल आहे. हा कर फक्त अल्पसंख्येत असणाऱ्यांनी भरायचा आणि पदोन्नतीच्या वेळी मात्र सर्वांचे शोधनिबंध एकाच तराजूत मोजायचे. ज्या विद्यार्थ्याचे शिक्षण या अध्यापकाने वेळीच बोलून वाचवले, त्या विद्यार्थ्यासाठी त्या तराजूत वजनच नाही.

यावर आक्षेप घेतले जातात. माणसे अधिक वेतनासाठी जातात, आईवडिलांच्या आजारपणामुळे जातात, विवाहामुळे जातात, प्रत्येक राजीनाम्यात अन्याय पाहू नये, असे म्हणतात. हे अगदी रास्त आहे. माझ्या पाहण्यातील काही जण केवळ घराच्या ओढीने परतले आणि सुखी आहेत. परंतु घराची ओढ आणि कामाच्या ठिकाणचा एकाकीपणा यांत फरक करायचा असेल, तर विचारायला नको का? एकाच विभागातून दहा वर्षांत चार स्त्रिया गेल्या आणि चौघींनीही वैयक्तिक कारण लिहिले, तर ते कारण वैयक्तिक राहिले काय?

दुसरा आक्षेप असा की, मोजणे म्हणजे सहकाऱ्यांवर अविश्वास दाखवणे. येथे धर्मगुरूला एक दाखला सुचल्यास वाचक क्षमा करतील. शंभरांतील एक मेंढरू हरवल्याचे मेंढपाळाला कळले, कारण संध्याकाळी तो मोजत असे. ज्याने मोजलेच नाही, त्याला नव्व्याण्णवही शंभरच वाटतात. मोजणे ही त्याची काळजी होती.

करायचे काय, हे फार अवघड नाही. खोल्या, उपकरणे, संशोधक विद्यार्थी, निधी, तासांचा कार्यभार आणि समित्या यांचे वाटप कागदावर असावे आणि विभागातील प्रत्येकाला ते पाहता यावे. नव्याने येणाऱ्याला पहिली दोन वर्षे एखाद्या ज्येष्ठ सहकाऱ्याची सोबत असावी आणि हा सहकारी त्याचा गोपनीय अहवाल लिहिणारा नसावा. परगावच्या माणसाला आधी निवासस्थान मिळावे. लहान मुलांच्या मातांसाठी पाळणाघर असावे, अपंग सहकाऱ्याचा वर्ग तिसऱ्या मजल्यावर नसावा. समित्यांवरचे व विद्यार्थ्यांसाठीचे काम पदोन्नतीच्या हिशेबात धरले जावे. प्रयोगशाळा परिचर, लिपिक, सफाई कामगार यांचाही या मोजणीत समावेश असावा, कारण विद्यापीठ त्यांचेही आहे. आणि जो जातो त्याच्याशी, विभागाबाहेरच्या एखाद्या विश्वासू व्यक्तीने, दाखला हातात पडल्यानंतर, तासभर बोलावे. त्याहून चांगले म्हणजे, जे अजून गेलेले नाहीत त्यांच्याशी दरवर्षी बोलावे. राजीनाम्याच्या दिवशी मिळालेले उत्तर फार उशिरा मिळालेले असते.

या सर्वांस खर्च फारसा नाही. लागते ती कुलगुरूंची आणि विभागप्रमुखांची, आपल्याच घराचे मोजमाप स्वीकारण्याची तयारी. टॉनी आणि क्रॉफ्ट यांनी ती उशिराने का होईना दाखवली, म्हणून बोस त्या कॉलेजला लाभले. बर्जनो आणि व्हेस्ट यांनी दाखवली, म्हणून मोजपट्टी घेऊन रात्री प्रयोगशाळेत फिरणाऱ्या एका स्त्रीचे म्हणणे साऱ्या जगातील विद्यापीठांपर्यंत पोहोचले.

ती भगिनी आता एका औषध कंपनीत काम करते. तिचे उत्तम चालले आहे आणि तिला त्या विद्यापीठाविषयी राग नाही. तिच्यासाठी दुःख करण्याचे कारण नाही. दुःख वाटते ते तेथील पहिल्या वर्षाच्या वर्गात मागच्या बाकावर बसलेल्या, तिच्यासारख्याच घरातून आलेल्या मुलींविषयी. आपल्यासारखे कोणी फळ्यापाशी उभे राहू शकते, हे त्यांनी सहा वर्षे पाहिले. सातव्या वर्षी आलेल्या मुलींना ते दिसले नाही, आणि त्यांना काय दिसले नाही, हे त्यांना कोणी सांगणारही नाही.